उडत्या बदकांचा फोटो दरवेळी पाठमोरा आणि पुसटच का येतो?

गेल्या आठवड्यात विट्याच्या एका पोरानं मला येरळवाडीच्या तलावावरचे चाळीस फोटो पाठवले. खाली एकच ओळ होती, "दादा, लेन्स विकू का?" फोटो उघडले. छत्तीस फोटोंत बदकांच्या शेपट्या, तिनांत नुसतं आभाळ आणि एकात, बहुधा चुकून, एक हळदी-कुंकू बदक तोंड इकडं करून. तेही पुसट. मी त्याला लिहिलं, लेन्स राहू दे, जागा बदल.

हा प्रश्न दर थंडीत कुणी ना कुणी विचारतंच, आणि मलाही त्यानं चार हिवाळे छळलंय. मी तर लेन्स तपासायला पाठवली होती. पंधरा दिवसांनी 'दोष आढळला नाही' अशी चिठ्ठी लावून ती परत आली, वर तपासणीचे पैसे गेले ते वेगळेच. तेव्हा डोकं फिरलं होतं. आता वाटतं, चिठ्ठी लिहिणाऱ्यानं खरं तेच लिहिलं होतं. लेन्स बरी होती, तिच्यामागचा माणूस चुकीच्या काठावर उभा होता.

म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो. मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी, राजेवाडी, कुठल्याही पाण्यावर चालेल असं.

सुरुवातीला एवढं करा: 'फोटो नीट येत नाहीत' असं म्हणणं सोडून द्या. डॉक्टरपुढं बसून 'बरं वाटत नाही' एवढंच सांगितल्यासारखं आहे ते. फोटो कॉम्प्युटरवर पूर्ण मोठा करून बघा. बदक पाठमोरं आहे, पुसट आहे की काळं पडलंय? तिन्हींचं मूळ वेगळं आहे आणि बहुतेक जण पहिल्याचं औषध तिसऱ्याला लावतात.

पाठमोरा फोटो

हे सगळ्यात जुनं दुखणं, आणि कॅमेऱ्याचा याच्याशी काही संबंध नाही. पाठमोरा फोटो म्हणजे बदकानं आपल्याला बघितलं, आपला विचार पक्का केला आणि ते निघालं. आपण बटण दाबलं तेव्हा गोष्ट संपली होती.

येरळवाडीच्या मागच्या पाण्याला एकदा मी वेड्या बाभळीच्या आडोशानं वाकून, जवळजवळ रांगत, पाण्याकडं सरकत होतो. पन्नासेक तलवार बदकं आणि थापटे समोर. अजून शंभर मीटर राहिले असतील तोवर सगळा थवा उठला आणि पलीकडं गेला. त्याच काठानं एक धनगर मामा दीडशे मेंढरं घेऊन निवांत चालले होते. त्यांच्यापासून चाळीस-पन्नास मीटरवरची बदकं हलली नव्हती. मी कपडे झटकत उठलो तर मामा म्हणाले, "पाव्हणं, आमच्या मेंढरांस्नी भीत न्हाईत, कुत्र्याला भीत न्हाईत, तुमास्नीच का भित्यात?" मी म्हटलं, मामा, तुम्हीच सांगा. "चोरावानी येताय म्हून. वाकून कोण येतंय? खाणारं येतंय."

एवढ्या पैशांच्या कार्यशाळा केल्या, पण इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

बदकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. मागून जाऊन गाठू ही कल्पनाच फोल आहे. झोपलेलं बदक तरी बेसावध असेल म्हणावं, तर तेही नाही. 1999 साली मॅलार्ड बदकांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की ओळीच्या टोकाला झोपलेलं बदक एक डोळा उघडा ठेवतं, आणि तोही बहुतेक वेळा थव्याच्या बाहेरच्या बाजूचा. मेंदूचा अर्धा भाग झोपतो, अर्धा पहाऱ्यावर असतो. म्हणजे तुम्ही ज्या कडेनं जाणार, त्या कडेला पहारेकरी बसलेला आहेच.

मग करायचं काय? जायचंच नाही, बसायचं. उजाडायच्या आधी, अंधारात, पाण्यापासून थोड्या अंतरावर जागा धरायची. मागं बाभूळ किंवा बांध हवा, म्हणजे आभाळाच्या पार्श्वभूमीवर आपली आकृती उठून दिसत नाही. कपडे मातकट. पांढरी टोपी नको, पाण्याची चकाकणारी बाटली नको. आणि एकदा बसलं की किमान दोन तास बसायचं. पहिला अर्धा तास बदकं लांब राहतील, मग हळूहळू तुम्ही त्यांच्या लेखी दगड होता. दिवसा उघडपणे जायचं असेल तर मामांसारखं जा. सरळ उभं राहून, सावकाश, पाण्याकडं थेट न जाता तिरकं, बदकांकडं टक लावून न बघता. मी हे करून बघितलंय. अंतर निम्म्यावर आलं.

काही जण दगड भिरकावून किंवा टाळ्या वाजवून थवा उठवतात. नैतिकतेचं राहू द्या बाजूला, फोटोसाठीही हा मूर्खपणाच आहे, कारण घाबरवलेलं बदक धोक्याच्या विरुद्ध दिशेला जातं आणि धोका तुम्ही आहात. शेपटीच मिळणार. त्यातून यातली पुष्कळ बदकं दिवसा विश्रांती घेतात आणि रात्री चरतात. त्यांना दिवसभर उठवत राहणं म्हणजे रात्रपाळी करून आलेल्या माणसाच्या दारात डीजे लावणं. हा विसावा चैनीचा नसतो. उपग्रह यंत्र लावलेलं एक चक्रवाक हिमालय ओलांडताना 6800 मीटरच्या आसपास उंचीवर नोंदलं गेलंय, पट्टकादंब हा रानहंस तर सात हजारांच्याही वर. मार्चमध्ये त्यांना परत तोच डोंगर चढायचा असतो आणि त्यासाठीची चरबी इथं, आपल्या खटाव-माणच्या गाळात साठवायची असते. मायणी आणि आसपासचे तलाव 2021 पासून पक्षी संवर्धन राखीव आहेत, हेही ध्यानात असू द्या.

वारा कुठून, ऊन कुठून

आता न घाबरवताही पाठमोरे फोटो येत असतील तर काठ चुकलाय. मला हे कळायला चार हिवाळे लागले, म्हणून यावर जरा रेंगाळतो.

बदक हा वजनाच्या मानानं लहान पंखांचा पक्षी आहे. घारीसारखं पंख पसरून तरंगणं त्याच्या नशिबी नाही. हवेत राहायचं तर सतत आणि वेगानं पंख मारावे लागतात. त्यामुळं उठताना त्याला पंखांवरून वेगानं जाणारी हवा लागते, आणि समोरून वारा आला की ती आयती मिळते. म्हणून बदक शक्यतो वाऱ्याकडं तोंड करून उठतं आणि उतरतानाही वाऱ्याकडंच तोंड करून उतरतं, कारण तेव्हा त्याला वेग कमी करायला वारा हवा असतो. खळ्यावर ज्वारी उफणायला उभा राहिलेला माणूस आधी वारा बघतो ना, तसं. आपण मात्र काठावर गेल्यावर आधी सावली बघतो.

थंडीत आपल्या पठारावर वारा बराचसा पूर्वेकडून, ईशान्येकडून असतो. सकाळी तो मंद असेल, पण असतो. आणि सूर्य उगवतो तोही आग्नेयेला कललेल्या पूर्वेलाच. म्हणजे डिसेंबरच्या सकाळी तुम्ही तलावाच्या पूर्व काठावर बसलात, तर ऊन तुमच्या पाठीवर आणि वाराही तुमच्या पाठीवर. बदकाला उठायचं असेल तर ते वाऱ्याकडं, म्हणजे तुमच्याकडं तोंड करून उठणार. उतरायचं असेल तर पलीकडून येऊन, पाय खाली सोडून, तुमच्याकडं तोंड करून उतरणार. आणि त्याच्या छातीवर कोवळं ऊन पडलेलं असणार. यात कौशल्य काही नाही, फक्त काठ आहे.

आणि आपण बसतो कुठं? जिथं गाडी लागते तिथं. सहसा बंधाऱ्यावर. बंधारा पश्चिमेला असला की ऊन डोळ्यांत आणि बदकं पाठमोरी, दोन्ही एकदम. त्या विट्याच्या पोराचं हेच झालं होतं. फोटोंतल्या सावल्या बघूनच कळलं.

याचा व्यत्यासही लक्षात घ्या. डिसेंबरात संध्याकाळी ऊन पश्चिमेला आणि वारा अजून पूर्वेचा, म्हणजे दोघांची फारकत. उजेडाच्या बाजूला बसलात तर शेपट्या, तोंडाच्या बाजूला बसलात तर काळ्या आकृत्या. त्या वेळी मी सरळ काळ्या आकृत्याच काढतो, तांबड्या आभाळावर, किंवा घरी जातो. फेब्रुवारी सरताना दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटायला लागला की मग संध्याकाळ कामाची होते आणि पश्चिम काठ उपयोगी पडतो. तोवर बरीच बदकं निघायच्या तयारीत असतात, हा त्यातला खोडा.

वारा कळण्यासाठी यंत्र नको. चिमूटभर सुकी माती सोडा. किंवा बसलेल्या बदकांकडंच बघा, वारा असला की बहुतेकांची तोंडं एकाच बाजूला असतात.

आणखी एक. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी तलावावरून खालून गेला की सगळा थवा आपोआप उठतो. नवशिके तेव्हा उठतात, धावतात, दोनशे फोटो काढतात आणि थवा लांब गेला की कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकं घालतात. तिथंच थांबा. बदकं एक, दोन, तीन चकरा मारून बहुतेक वेळा त्याच पाण्यावर परत येतात आणि खरा फोटो त्या परतीच्या चकरेत असतो. पंख वाकवलेले, पाय पसरलेले, वेग उतरलेला. पट्टकादंब तर उंची पटकन उतरवण्यासाठी हवेत कधी कधी अंग चक्क उलटं करतात. राजेवाडीला एकदा हे माझ्या डोक्यावर झालं आणि मी मागचे फोटो चाळत बसलो होतो. अजून आठवलं की चुटपुट लागते.

पुसट फोटो

आता कॅमेऱ्याकडं येऊ. पण अजूनही पूर्ण नाही, कारण पुसट फोटोंचा निम्मा गुन्हा हवेचा असतो.

एक चाचणी करा. जिथं बदकांचे फोटो पुसट आले, तिथंच, त्याच वेळेला, कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा दगडावर टेकवा. पाण्यापलीकडचा एखादा मोटारीचा खांब किंवा बुडालेल्या झाडाचा बुंधा धरून दहा फोटो काढा. घरी येऊन दहाही मोठे करून बघा. दहाही सारखेच कडक, म्हणजे रेखीव, असतील तर कॅमेरा बरा, हवा बरी, तुमचा हात कच्चा. दहाही सारखेच पुसट असतील तर पुढं लावलेला स्वस्त फिल्टर काढा आणि पुन्हा बघा. तरीही तसेच आले तर खरंच लेन्सचा फोकस पुढं-मागं पडत असू शकतो. आणि एक कडक, दुसरा लडबडलेला, तिसरा मधला, अशी गंमत असेल तर ती हवा आहे.

पाण्यावरची आणि नांगरटीवरची हवा तापू लागली की गरम-गार थर एकमेकांत मिसळतात, उजेड वाकडातिकडा होतो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर पाणी दिसतं, त्याच घरातला हा प्रकार. आपल्याकडं डिसेंबरातही साडेनऊ-दहानंतर हा त्रास सुरू होतो आणि सहाशे मिलिमीटरची लेन्स तो सहाशेच्या ताकदीनं मोठा करून दाखवते. कडाक्याच्या थंडीत उलटही होतं. पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं, वाफा निघतात आणि अगदी पहाटेचे लांबचे फोटो मऊ येतात. यावर कुठलंही सॉफ्टवेअर चालत नाही. अंतर कमी असेल तर हवाही कमी आड येते, एवढाच उपाय. गाडीतून काढत असाल तर काच उतरवून गाडी बाहेरच्या हवेइतकी गार होऊ द्या. हीटर लावून खिडकीतून फोटो काढणारा मी एक इसम बघितला आहे आणि तो मीच होतो.

हवा निर्दोष सुटली तर मग हिशेब करू. वेगात असलेलं बदक ताशी साठ किलोमीटर सहज जातं. साठ म्हणजे सेकंदाला जवळपास 17 मीटर. शटर 1/500 सेकंदावर ठेवलं तर तेवढ्या वेळात बदक तीन सेंटिमीटरहून जास्त सरकतं. 1/2500 ला ते सात मिलिमीटरच्या आत येतं. तुम्ही कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवला तर अंग स्थिर राहील, पण पंखांची टोकं राहणार नाहीत, कारण पंख सेकंदाला कितीतरी वेळा वरखाली होतात आणि चक्रांगासारख्या बारक्या बदकाचे तर मोजताही येत नाहीत. म्हणून 1/2500 हा माझा पाया. चक्रांग आणि भुवई बदकांना 1/3200. चक्रवाक मोठं, त्याची पंखांची लय संथ, त्याला 1/1600 लाही जमून जातं.

आता समोरून येणाऱ्या बदकाचं गणित बघा, कारण पूर्व काठावर बसल्यावर तीच अडचण येते. समजा सेकंदाला दहा फोटो निघतात. दोन फोटोंच्या मधे बदक पावणेदोन मीटर पुढं आलेलं असतं. आणि लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, सहाशेच्या लेन्सवर, एफ 6.3 छिद्राला, तीस मीटरवर, स्पष्ट दिसणारा पट्टा असतो जेमतेम साठ सेंटिमीटरचा. म्हणजे फोकसला दर फोटोगणिक तिप्पट अंतर पळायचं आहे. यात दहातले चार कडक आले तर कॅमेऱ्याला शाबासकी द्या. दहाचे दहा येतात असं कुणी सांगितलं तर त्याचे न दाखवलेले फोटो मागा.

फोकसचा प्रकार सतत पाठलाग करणारा हवा. कॅननवर तो एआय सर्व्हो किंवा सर्व्हो, निकॉन-सोनीवर एएफ-सी. एकदाच फोकस करून थांबणाऱ्या प्रकारावर कॅमेरा असेल तर बाकी सगळं वाचायची गरजच नाही, इथंच तुमचा आजार सापडला. त्यापुढं, लेन्सवर अंतर मर्यादेचं बटण असेल तर ते लांबच्या बाजूला करा, नाहीतर बदक सुटलं की लेन्स पार जवळच्या गवतापर्यंत जाऊन येते आणि तोवर बदक पाटणला पोहोचतं. फोकसचं बटण शटरपासून वेगळं करून अंगठ्याखाली घ्या. पहिले आठ दिवस चुकल्यासारखं वाटेल, मग सुटणार नाही. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत पक्ष्याचा डोळा धरायची सोय असते. ती आभाळावर छान चालते, पण मागं शाळूचं शेत किंवा बाभूळवन आलं की गोंधळते. तेव्हा मधल्या बिंदूंचा एक छोटा गट धरून हातानं पाठलाग करणं बरं. त्याच कॅमेऱ्यांवर आवाज न होणारं इलेक्ट्रॉनिक शटर असतं. काही मॉडेलवर त्यानं उडत्या पक्ष्याचे पंख रबरासारखे वाकडे येतात. असं दिसलं तर पक्ष्याला काही झालेलं नाही, शटर बदला.

लेन्समधली हात सावरायची यंत्रणा आडव्या पाठलागाच्या पर्यायावर ठेवा. 1/2500 ला बंद ठेवलीत तरी बिघडत नाही.

पण सगळ्यात मोठा दोष आपल्या कंबरेत असतो. आपण बदक चौकटीत आलं की दाबतो आणि दाबताना थांबतो. कॅमेरा आधीपासून फिरत असला पाहिजे आणि बटण सोडल्यावरही थोडा फिरत राहिला पाहिजे. पाय बदक जिथं जाणार त्या दिशेला रोवून, कंबर आधी मागं वळवून घ्यायची, म्हणजे फिरवायला वाव राहतो. हा सराव बदकांवर करू नका. उसाच्या शेतात नांगराच्या मागं गायबगळ्यांची रांग असते, गच्चीवर कबुतरं असतात, गावाबाहेर घारी असतात. महिनाभर रोज दहा मिनिटं. कृष्णाकाठच्या लोकांना तर घाटावर बसून पाणकावळ्यांवरही हात बसवता येईल. सरळ रेषेत, वेगात, पाण्याला लागून जातात, बदकांची याहून चांगली रंगीत तालीम नाही.

काळा पडलेला फोटो

हे थोडक्यात. पांढरट आभाळावरचं बदक काळं येतं, कारण कॅमेरा आभाळाला बघून उजेड कमी करतो. तेच बदक डोंगरापुढून गेलं की कॅमेरा उजेड वाढवतो आणि चक्रवाकाच्या पंखांवरचा पांढरा भाग जळून जातो. एकाच उड्डाणात दोन्ही. म्हणून ऑटो सोडा. बदकावर जे ऊन पडतंय, त्याच उन्हातल्या हिरव्या गवतावर मोजमाप घेऊन शटर, छिद्र, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती दाद देतो तो आकडा) तिन्ही हातानं बांधून टाका. आयएसओ सूर्य वर येईल तसा 1600 वरून 800 वर आणायचा. दर वीस मिनिटांनी एकदा बघा, बास.

नर गेले कुठं?

ऑक्टोबरात आणखी एक तक्रार येते: "सगळ्या माद्याच आल्यात यंदा." तसं नसतं. विणीनंतर बदकांची उडायची सगळी पिसं एकदम गळतात. तीन-चार आठवडे ती उडूच शकत नाहीत. त्या काळात नराचा भडक रंग म्हणजे मरणाला आवतण, म्हणून तो मादीसारखा मळकट वेष घेतो. आपल्याकडं येतात तेव्हा पंख नवे असतात, पण अंगावरचे कपडे अजून बदललेले नसतात. तलवार बदकाची लांब शेपटी, थापट्याचं हिरवं डोकं डिसेंबरपर्यंत भरत येतं. भुवई बदक सगळ्यांत लवकर, ऑगस्टअखेर-सप्टेंबरात हजर होतं, पण त्याची पांढरी भुवई उठून दिसायला बऱ्याचदा फेब्रुवारी उजाडतो. हळदी-कुंकू बदक इथलंच, बारमाही, त्याचं हे नाटक नाही.

मळकट वेषातही पंखावरची चकती मात्र लपत नाही आणि ती उडतानाच नीट दिसते. चक्रांगाची हिरवी. मलिन बदकाची पांढरी, शरीराला लागून असलेला चौकोन. थापट्याच्या पंखाचा पुढचा भाग फिकट निळा. अडईच्या पंखावर पांढरं काहीच नाही, गर्द तांबूस आणि काळपट, वर शिट्टीसारखा आवाज. म्हणजे ओळख पटवायला तुमचा पाठमोरा फोटोही कामाचा आहे, पंख वर उघडलेले असले तर. डिलीट करायच्या आधी एकदा बघा.

पेरणी कुठं करायची

सुरुवात उतरणाऱ्या बदकांपासून करा, उठणाऱ्यांपासून नको. आणि चक्रवाकापासून करा, चक्रांगापासून नको. संस्कृत कवींनी चक्रवाकाच्या जोडीची रात्री ताटातूट केली, पण फोटोवाल्यांच्या दृष्टीनं त्याचा गुण हा, की जोडी जवळजवळ उडते आणि उडायच्या आधी आवाज देते. बाकीच्यांचीही आधी लगबग असते. पोहणं थांबतं, माना उभ्या होतात, डोकी झटकली जातात, तोंडं वाऱ्याकडं वळतात. मग दोन-चार सेकंदांत उड्डाण. नुसतं उभं राहून पंख फडफडवणारं बदक मात्र बहुधा आंघोळ उरकतंय, त्यावर कार्ड भरवू नका.

पाण्यावर चरणारी बदकं, म्हणजे तलवार, थापट्या, चक्रांग, हळदी-कुंकू, जागच्या जागी उसळी मारून उठतात. तिथं चौकटीच्या वरच्या बाजूला मोकळी जागा सोडा, नाहीतर डोकं कापलं जातं. लालसरी आणि शेंडी बदक बुडी मारणारी. त्यांचे पाय शरीराच्या मागं असतात, त्यामुळं पोहायला झकास आणि उठायला अवघड. त्यांना पाण्यावर धावत जावं लागतं. तो धावण्याचा, मागं पाण्याच्या थेंबांची रांग उडवणारा फोटो उसळीपेक्षा कितीतरी सोपा आणि देखणा असतो. जानेवारी-फेब्रुवारीत एका मादीमागं चार-पाच नर भराभर वळणं घेत उडताना दिसतील. जोड्या इथंच, हिवाळी मुक्कामात जमतात. पुढं असते ती मादी आणि वळण तीच ठरवते. फोकस तिच्यावर ठेवा, मागचे आपोआप येतील.

आणि मुळात बदकंच नसतील तर? तलाव काठोकाठ भरलाय का ते बघा. वरवर चरणारी बदकं शेपटी वर करून मान बुडवतात, तेवढ्या खोलीतच त्यांना जेवण मिळतं. पाऊस चांगला झाला किंवा सिंचन योजनेचं पाणी सोडलं, की माणसं खूश होतात आणि ही बदकं दुसरीकडं जातात. तेव्हा मुख्य तलाव सोडून मागच्या पाण्याच्या फाट्यांकडं, गुडघाभर पाण्याच्या पाणथळींकडं फिरा.

विट्याचं ते पोरगं रविवारी पूर्व काठाला जाऊन आलं. साठ फोटो पाठवले. शेपट्या सात. तोंडाकडून आलेले एकतीस, त्यांतले कडक पाच. एका थापट्याच्या डोळ्यातली पिवळी कड मोजता येते इतकी स्पष्ट. खाली लिहिलंय, "दादा, पण काणूक सापडंना." ती मलाही या वर्षी अजून मिळालेली नाही. बारकी बदकाची जात, पाण्याला चिकटून उडणारी, कमळाच्या पानांत घुसली की गायब. तिच्यासाठी 1/3200 सुद्धा पुरत नाही बहुतेक. कुणाला जमली असेल तर कुठल्या काठावर बसला होतात, तेवढं सांगा.